यंदाचा मान सतरा नंबरला

रविवार, ७ डिसेंबर १९८६

हरलो! आणि असा हरलो की वाचनालयातून घरी येताना रस्ताभर एकटाच हसत होतो.

विषय मीच लावला होता — 'उदारमतवाद, धर्मनिरपेक्षता आणि धर्मांधता'. कन्नमवार नगरातल्या आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी दहा-बारा माणसं जमतात, चहा पितात आणि भांडतात. समोर मार्तंड आठल्ये. माझा जुना दोस्त, तितकाच जुना विरोधक. रोज संध्या करणारा, एकादशी धरणारा. मी कुठलाच देव न मानणारा. मी व्याख्येपासून सुरुवात केली. व्याख्या नसली की वाद म्हणजे नुसता आवाज. म्हटलं — देव मानतो तो धर्मांध नव्हे. दुसऱ्याने देव कसा मानावा हे जो ठरवतो, तो धर्मांध. माना डोलल्या. वाटलं, जिंकलो.

मार्तंडाने धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "आणि दुसऱ्याने देव मानूच नये असं ज्याला वाटतं, त्याला काय म्हणायचं रे सहदेवा?"

"मी कुणाला अडवलंय?"

"अडवत नाहीस. पण माझ्या शेंडीकडे बघतोस ते रिजेक्ट झालेल्या जॉबकडे बघावं तसं!"

सगळे हसले. मीही हसलो. कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात सुटे भाग मापून पास-नापास करण्यात आयुष्य गेलं, मायक्रोमीटर हातातून डोळ्यांत उतरला असेल. पण उत्तर सुचलं नाही. आता लिहितानाही सुचत नाहीये.

आस्तिकांच्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. काही चांगलं घडलं की आभार कुणाचे मानायचे हे त्यांना ठाऊक असतं. मला तो पत्ताच नाही. म्हणून ही रोजनिशी — ज्याचे त्याचे आभार इथे. आज मार्तंडाचे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाशी तो बरोबरीने भांडतो. सांभाळून घेत नाही. संस्कृत मी एकट्याने शिकलो हे खरं, पण त्याचं पहिलं पुस्तक मार्तंडाच्या फडताळातलं होतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

संध्याकाळी कारखान्यातून आलो तर वनमाला दारातच उभी. तोंडावर उजेड!

"फळा बघितलात?"

जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलंय — 'यंदाचा मान : खोली नं. १७'. सतरा नंबर म्हणजे आम्ही. सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, मग आवारातच मांडव घालून सत्यनारायण — आमच्या इमारतीत हे पहिल्यापासून चालत आलंय. पूजेला एक जोडपं बसतं. एक नंबरच्या खोलीपासून ओळीने, वर्षाला एक घर. एवढी वर्षं मोजत मोजत तो मान आमच्या दाराशी आला. मी मोजत नव्हतो. ती मोजत होती.

प्रजासत्ताकदिनी पूजा कशाला, यावर मी दरवर्षी बोलतो, दरवर्षी कुणी ऐकत नाही. पूजेच्या वेळी मी आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचतो. भटजींचे उच्चार चुकतात ते मनातल्या मनात दुरुस्त करतो. तेवढाच माझा सहभाग.

वनमालाला म्हटलं, "पाटावर बसणं सोड, त्या पोथीतली एक ओळही माझ्या तोंडून निघायची नाही. लोकांसमोर एक बोलायचं आणि वागायचं दुसरं, हे मला जमणार नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

कपाट उघडं होतं. हिरवी पैठणी पलंगावर काढून ठेवली होती. तिने घडी नीट केली आणि परत आत ठेवली.

गुरुवार, ११ डिसेंबर

जेवण नेहमीसारखं. मीठ बरोबर. बोलणं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

आज वाचनालयात नंदकिशोर आला. वीस नंबरच्या रत्नप्रभावहिनींचा मुलगा, बँकेत कारकून, आमच्या पूजा समितीचा चिटणीस. हुशार आहे. आवाज चढतो पण मुद्दा सोडत नाही — असा माणूस मला आवडतो.

"काका, तुमची धर्मनिरपेक्षता म्हणजे फक्त आम्हाला उपदेश! कोर्टाने एका म्हाताऱ्या बाईला पोटगी दिली. मुल्लामौलवी ओरडले आणि सरकारने यंदा मे महिन्यात कायदाच फिरवला. तेव्हा कुठे गेली होती तुमची घटना?"

"मान्य!" मी म्हणालो. "शंभर टक्के मान्य. एका बाईचा हक्क मतांसाठी विकला. त्याचा मी याच खुर्चीत बसून निषेध केला होता, तेव्हा तू आला नव्हतास."

तो म्हणाला, "मग आम्हीही एकजूट दाखवायला नको? ते त्यांच्या धर्मासाठी एक होतात, आपण काय करतो? आपल्याच पूजेची लाज वाटते तुमच्यासारख्यांना."

"त्यांच्यातल्या कट्टर लोकांनी चूक केली म्हणून आपणही तसलेच व्हायचं, ही एकजूट नव्हे, नक्कल झाली."

मग मी माझं हुकमी पान टाकलं. म्हटलं, "पूजेला माझी ना नाही. पंचविसावं कलम वाच, प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागायची मुभा आहे. पण वर्गणी सक्तीची का? अकरा नंबरचे हमीद परकार — त्यांच्याकडून सत्यनारायणाचे पैसे कुठल्या न्यायाने घेता?"

नंदकिशोर उठूनच गेला. असा नेमका घाव क्वचित बसतो.

आजचे आभार माझे मलाच. (हसू नये.)

सोमवार, १५ डिसेंबर

हमीदभाई आले होते. खेडकडचे. इलेक्ट्रिकची कामं करतात. आमच्या पूजेचे दिवे आणि माईक दरवर्षी तेच लावतात, मजुरी घेत नाहीत. चपला बाहेर काढल्या, पण बसले नाहीत.

"सहदेवभाऊ, काल वाचनालयात माझं नाव निघालं म्हणे?"

"तुमच्याच बाजूने बोललो मी!"

"ते खरं. पण वर्गणी मी खुशीने देतो. तुमच्या देवासाठी नाही देत, आवारासाठी देतो. झेंडा माझाही आहे ना? आज सकाळी नंदू जिन्यात अडवून विचारतो — आमच्या पूजेचा तुम्हाला त्रास होतो काय चाचा? इतक्या वर्षांत कुणी असलं विचारलं नव्हतं. आता त्याला मी काय सांगू?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"मला विचारलं होतंत का?" ते म्हणाले. रागाने नाही. अगदी हळू.

वनमालाने चहा आणला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला, कप विसळून दिला आणि गेले.

रात्री नंदकिशोरच्या घरी जाऊन सांगून आलो की वर्गणीचा मुद्दा माझा एकट्याचा, हमीदभाईंचं त्यात काही नाही. घाव नेमका होता खरा. ज्याला लागला तो माणूस मात्र वेगळाच.

हमीदभाईंचे आभार. चार लोकांत बोलले असते तरी चाललं असतं. माझ्या दारात येऊन मला एकट्याला बोलले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज वनमाला बोलली! भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता —

"पूजेला पुरुष एकटा बसला तर बायकोच्या जागी काय ठेवतात?"

"सुपारी."

"बायको नसली तर सुपारी चालते. मग नवरा नसला तर सुपारी का नाही चालत?"

मी हातातला पेपर खाली ठेवला. लेक क्षमा सासरी बोरिवलीला गेल्यापासून घरात दोघंच, पण असे प्रश्न या घरात आजवर मी एकट्यानेच विचारले होते अशी माझी समजूत! तर्क कसा बघा — रूढी मोडलेली नाही. रूढीचीच पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला लावली. मला पाटावर बसवायचा आग्रह नाही, स्वतःचा मान सोडायचाही नाही. माझं स्वातंत्र्य मला, तिचं तिला. उदारमतवादावर मी इतकं वाचलं, इतका साधा दाखला कुठे भेटला नव्हता.

"वनमाला, तू हे वाचनालयात मांडायला हवंस!"

"माका नको तुमचा वाचनालय," ती म्हणाली. माहेरची मालवणी तिच्या तोंडी फक्त रागात येते, किंवा फार आनंदात. आज कुठली होती कळलं नाही. भाकरी मात्र टम्म फुगली होती.

आभार — अर्थात तिचे.

रविवार, २१ डिसेंबर

मार्तंडाला सुपारीचा प्रश्न घातला. माणूस चक्क गडबडला!

"तसं शास्त्रात... म्हणजे पती हयात असताना..." मग स्वतःच हसला. "वहिनींनी काढलं हे? तुझ्या डोक्यातून येणं शक्य नाही. तू घटनेचं कलम काढलं असतंस."

जेवायला आला होता. मुगाची खिचडी, सोलकढी. वनमालाला म्हणाला, "वहिनी, मी पोथ्या चाळतो. मनाई सापडली नाही तर मनाई नाही." एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले ते मी पाहिलं. रोज संध्या करणारा माणूस शास्त्रात दार शोधतोय — दुसऱ्या कुणाला तरी आत येता यावं म्हणून. याला मी सनातनी म्हणत आलो. व्याख्या पुन्हा तपासायला हवी.

रविवार, २८ डिसेंबर

इमारतीची सभा. मीच सुपारीचा ठराव मांडला. टिपणं काढून, मुद्दे पाडून. नंदकिशोर उभा राहिला.

"नवरा धडधाकट गॅलरीत बसलेला आणि इथे त्याच्या जागी सुपारी? अभद्र आहे हे! जोडप्याने बसायचं असेल तर बसा. नाहीतर मान अठरा नंबरला."

मागून कुणीतरी ओरडलं, "पेडणेकर, अडकित्ता आणू काय?"

हशा! जो पिकला तो आवरेना. अठरा नंबरवाला लोळायचा बाकी होता. ठराव मतालाही टाकला नाही. निर्णय — अठरा जानेवारीच्या सभेपर्यंत जोडप्याने होकार द्यावा, नाहीतर मान पुढे.

घरी आलो. वाटलं, वनमाला निदान म्हणेल की माझ्यासाठी भांडलात.

"सभेत मांडायच्या आधी माका इचारल्यात?"

हमीदभाईंचं वाक्य. फक्त मालवणीत.

मंगळवार, ३० डिसेंबर

आवारातली पोरं मला 'सुपारीकाका' म्हणतात. आज दुधाच्या केंद्रावरही.

गुरुवार, १ जानेवारी १९८७

नवं वर्ष. संकल्प एकच — आधी विचारायचं. मग बोलायचं.

गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. आज वनमालाचं हळदीकुंकू. पुरुषांनी अशा वेळी बाहेर जायचं असतं, पण मला सर्दी, म्हणून स्वयंपाकघरात स्टुलावर वाचत बसलो. पडद्यापलीकडे बायका. तिळगूळ, उखाणे, हसणं. रत्नप्रभावहिनींनी वाणात सगळ्यांना चहाच्या गाळण्या वाटल्या — यावरही दहा मिनिटं चर्चा!

पाणी भरायला गॅलरीत गेलो. चौदा नंबरच्या दारात शेवंतीबाई बसल्या होत्या. मांडीवर कुणाची तरी साडी, फॉल लावत होत्या. आमच्या घरातून हसण्याचा लोट आला की सुई थांबायची. मग पुन्हा चालायची. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांचा नवरा गेला. हे मला माहीत होतं. खांदा दिला होता मी.

बायका गेल्यावर वनमालाला विचारलं, "शेवंतीबाईंना बोलावलं नव्हतंस?"

"बोलावलं. त्या येत नाहीत. आल्या तर बाकीच्या गप्प होतात म्हणून."

मग कुंकवाचा करंडा पुसत पुसत तिने जे सांगितलं ते शब्दशः लिहून ठेवतो.

"पंच्याऐंशी साली मान चौदा नंबरचा होता. त्यांचा. समितीने काही न बोलता पंधराला दिला. फळ्यावर सरळ पंधरा लिहिलं. मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या त्या. प्रसादाचं पातेलं मी आणि त्यांनीच दरवर्षी ढवळलेलं, त्या वर्षी त्यांनी हात नाही लावला. तुम्ही गॅलरीत पेपर वाचत होतात."

तिने करंड्याचं झाकण लावलं.

"त्या पोटगीवाल्या म्हाताऱ्या बाईसाठी तुम्ही आणि नंदू वाचनालयात भांडलात. दोघांचंही बरोबर. पेपरातली बाई दोघांनाही दिसली. चौदा नंबरातली एकालाही दिसली नाही."

माझ्या नजरेचा मला किती अभिमान! केसाइतकी फट असली तरी पकडतो. दोन वर्षांपूर्वी फळ्यावर तेरानंतर पंधरा आलं आणि मला दिसलं नाही. त्याआधी मानाच्या ओळीतून हमीदभाईंचा अकरा गाळलेला दिसला होता, कारण अकरा नंबरवर मला भाषण करता येत होतं.

आभार लिहायला आज हात उचलत नाही. पण मानायला हवेत. ती हे दोन वर्षांपूर्वीही सांगू शकली असती. मी ऐकेन असं तिला आज वाटलं.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी वनमालाचा निर्णय. मत नव्हे, निर्णय.

"मान माझा आहे ना? मी बसणार. माझ्या शेजारी शेवंतीबाई बसणार. सुपारी नको आणि तुम्हीही नकोत."

"मी समितीशी—"

"तुम्ही उद्याच्या सभेला येऊ नका. तुम्ही आलात की त्याचा वाद होतो. मला वाद नको, पूजा हवी आहे."

मी म्हटलं, "बरं." हा शब्द मी या घरात इतक्या पटकन कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

रविवार, १८ जानेवारी

घरात बसून राहिलो. तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. पुस्तक उलटं धरलंय हे बऱ्याच वेळाने कळलं. शेवटी ती आली. मागोमाग मार्तंड — तो आमच्या इमारतीत राहत नाही, वनमालाने त्याला शास्त्रापुरतं बोलावलं होतं. घडलं ते दोघांच्या तोंडून असं —

वनमाला उभी राहिली आणि दोन वाक्यं बोलली. "चौदा नंबरचा मान राहिला आहे. यंदा आम्ही दोघी मिळून बसू." आणि खाली बसली. टिपणं नाहीत, मुद्दे नाहीत!

नंदकिशोर भडकला. "विधवा पूजेला? काकांनी शिकवलंय हे तुम्हाला! धर्म बुडवायचा धंदा आहे हा."

"त्यांनी शिकवलं असतं तर अर्धा तास लागला असता," वनमाला म्हणाली म्हणे. मार्तंड हे सांगताना इतका हसला की ठसका लागला.

मग मार्तंड बोलला. "मी पोथ्या पाहिल्या. या व्रताला कुणालाच मनाई नाही. कुणीही, कुठेही, जमेल तसं करावं — हाच या व्रताचा मोठेपणा. नारायणाची हरकत नाही. तुझी हरकत असेल तर ती तुझी म्हणून सांग रे नंदू, देवाच्या नावावर खपवू नकोस."

मतं घेतली. हात कमी-जास्त होत होते. तेव्हा मागच्या रांगेतून रत्नप्रभावहिनींचा हात वर आला. नंदकिशोरच्या सख्ख्या आईचा! "आई, हात खाली घे," तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "उद्या तुझे बाबा गेले तर मला पण खांबाला धरून उभं करशील काय?" मग बायकांचे हात एकामागून एक. ठराव पास!

जाताना नंदकिशोर एवढंच म्हणाला — "पूजा ठरवलीत. भटजी मिळतो का बघा."

आज जागा पुरणार नाही इतक्यांचे आभार आहेत. मार्तंडाला दारापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "मागच्या महिन्यातल्या तुझ्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही अजून."

"मला कुठे घाई आहे?" तो म्हणाला.

शुक्रवार, २३ जानेवारी

टागोर नगरातले भटजी वनमालाला हो म्हणालेत. दहा वाजता येतो म्हणाले. दक्षिणा आधी घेतली नाही, 'पूजेनंतर बघू' म्हणाले. मला तो सूर आवडला नाही, पण मी बोललो नाही. (नव्या वर्षाचा संकल्प.)

शनिवार, २४ जानेवारी

शेवंतीबाई आल्या. वनमाला रवा आणायला गेली होती, मी एकटाच.

"भाऊ, मी बसू ना?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. व्यक्तिस्वातंत्र्य, समता, रूढींचा उगम — सगळं क्रमवार! जिभेवर आलं होतं.

"तुम्हाला बसावंसं वाटतं का?" मी विचारलं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाटतं. हे होते तेव्हा आम्ही दोघं म्हणायचो, आपला नंबर आला की हे करू, ते करू. ह्यांनी तर सोवळं घेऊन ठेवलं होतं दादरहून. भीती वाटते पण. देवाची नाही. जिन्यातल्या माणसांची."

"मलाही वाटते," मी म्हणालो. खरंच तेवढंच सुचलं.

त्या हसल्या. "तुम्हाला? तुम्ही तर सगळ्यांशी भांडता!"

"म्हणूनच."

त्या गेल्या तेव्हा ताठ गेल्या असं मला वाटलं. कदाचित मला तसं हवं होतं.

रविवार, २५ जानेवारी

मांडव उभा राहिला. केळीचे खांब लागले. हमीदभाई शिडीवर. मी खालून वायर देत होतो. "डावीकडे खाली आलाय बल्ब," मी म्हणालो. "वर बघू नका, वायर द्या," ते म्हणाले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा दोघं हसलो. नंदकिशोरही आला होता. काही न बोलता झेंड्याचा खांब रोवला. खांब अगदी सरळ रोवला, ते मान्य केलं पाहिजे. तसं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, एवढंच.

दुपारी मार्तंडाचा निरोप. रत्नागिरीला त्याचे चुलतभाऊ वारले. दहा दिवसांचं सुतक. पूजेला शिवता यायचं नाही. "फाटकाबाहेर उभा राहीन," असं कळवलंय. तो सुतक पाळणारच. एरवी मी त्यावर काहीतरी बोललो असतो. आज वाईट वाटलं फक्त.

वनमालाने पैठणीला इस्त्री केली. शेवंतीबाईंनी रवा भाजून घेतला — पातेलं पुन्हा त्यांच्या हाती. सगळ्या मजल्याला तुपाचा वास.

उद्या गॅलरीत बसणार आहे. पण पेपर न घेता. भटजी चुकले तरी मनात दुरुस्त करणार नाही म्हणतो. जमेल असं नाही.

ज्यांचे मानायचे त्यांचे आभार मानून झाले. तरी काहीतरी उरतंय. पत्ता नसलेलं.

सोमवार, २६ जानेवारी १९८७

भटजी आले नाहीत. माणूस पाठवला, तर घराला कुलूप.

दोघी पाटावर बसून राहिल्या. नंदकिशोर जिन्यात हाताची घडी घालून. फाटकाबाहेरून मार्तंड ओरडला, "सहदेवा! खाली उतर. विधी मी इथून सांगतो. पोथी तू वाच!"

उतरलो. वनमालासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "वाचू?"

तिने शेवंतीबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. "वाचा."

पाचही अध्याय वाचले. हमीदभाईंनी माईक माझ्या तोंडाच्या उंचीला आणून दिला. तिसऱ्या अध्यायात एक ओळ माझ्याकडून सुटली. वनमालाने डोळे न उघडता ती सांगितली, आणि मी पुन्हा वाचली.